बिडाचा तडा आणि जातीचे कुंपण : खानदेशच्या यंत्रांचा न लिहिलेला इतिहास

खानदेशचा औद्योगिक इतिहास स्मरणिकांत आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत छापून येतो, तो शेठजींच्या नावाने सुरू होतो आणि शेठजींच्या नावानेच संपतो. जळगावला गिरणी कोणी काढली, अमळनेरला प्रताप मिल कोणी उभारली, धुळ्याचा कापसाचा व्यापार कोणाच्या हातात होता, हे सगळ्यांना तोंडपाठ असते. पण एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही. विलायतेहून आणलेले ते अवजड यंत्र मोडले, की ते दुरुस्त कोण करायचे? आणि दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी उभा राहून आयुष्यभर फक्त कोळसा आणि राख कोण ओढायचे?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण जात ही कामाची वाटणी आहे की माणसांची, हा बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा पोथीत न शोधता कारखान्यात शोधायचा असेल, तर मोडलेल्या यंत्राजवळच जाऊन उभे राहावे लागते. तिथे जात उघडी पडते.

आधी यंत्रे आपल्याकडे आली कशी, ते पाहू. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. गुलामांच्या श्रमावर पिकणारा तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खानदेशच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात जीआयपी रेल्वे चाळीसगाव, जळगाव करत भुसावळला पोचली. १८६७ मध्ये ती नागपूरला गेली, १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता जोडली गेली आणि भुसावळ हे मोठे जंक्शन झाले. मोठे लोको शेड आले. १८७० च्या दशकात जळगावला कापडगिरणी उभी राहिली. १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमळनेरला प्रताप मिल निघाली. बाजारपेठेच्या गावोगाव सरकी काढणारी जिन आणि रुईच्या गाठी बांधणारी प्रेस दिसू लागली.

ही यंत्रे विलायतेची. इंजिनाचा सिलिंडर, फ्लायव्हील, पुली, दातेरी चाके, जिनचा सांगाडा, लेथचा पाया, यातले बहुतेक भाग बिडाचे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. आपल्या आयांच्या चुलीवरचा जो तवा पडला की वाकत नाही, सरळ फुटतो, तेच हे बीड.

ते असे का फुटते, हे समजून घेण्यासारखे आहे. बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते पोलादापेक्षा कितीतरी कमी उष्णतेला, सुमारे १२०० अंशांना वितळते, पाण्यासारखे साच्यात शिरते आणि हवा तो आकार घेते. म्हणून अवघड आकाराचे भाग त्याचेच ओतायचे. पण हा कार्बन धातूच्या आत ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात बसलेला असतो. वरून कितीही दाबा, बीड वजन सोसते. पण ताण पडला, अचानक दणका बसला, बोल्ट नको तितका आवळला, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले, की ते या पापुद्र्यांच्या वाटेने तडकते. आधी वाकून इशारा देणे त्याच्या स्वभावात नाही.

आता हंगामाच्या ऐन भरात जिनचे चाक तडकले असे समजा. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या आहेत. नवा भाग मागवायचा तर पत्र विलायतेला जाणार, तिथे तो ओतला जाणार, आगबोटीने मुंबईला येणार, मग रेल्वेने खानदेशात. तोवर हंगाम संपलेला. दोन्ही महायुद्धांत तर आगबोटींचाही भरवसा राहिला नाही. म्हणजे मालकाचे भांडवल, दलालाचा सौदा आणि शेतकऱ्याचा कापूस हे सगळे एका माणसावर अडकलेले असायचे. तडकलेले बीड सांधणारा मिस्त्री! त्याच्या हातातली विद्या ही त्या काळातली खरी सत्ता होती. मालकसुद्धा त्याला 'अहो मिस्त्री' म्हणायचा.

ही विद्या म्हणजे नेमके काय? तडा कुठवर गेला आहे ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्या जागी रॉकेल लावतात, पुसून घेतात आणि वर खडू फासतात. आत मुरलेले रॉकेल खडूवर ओल धरते आणि तड्याची रेघ उमटते. मग तड्याच्या दोन्ही टोकांना ड्रिलने भोक पाडतात, म्हणजे तो पुढे सरकत नाही. नंतर तडा बुजवायचा नसतो, उलट तो छिन्नीने किंवा ग्राइंडरने तळापर्यंत मोकळा करायचा असतो. वर्षानुवर्षे आत मुरलेले तेल जाळून काढायचे असते. त्यानंतर सांधायचे कसे ते ठरते.

एक वाट पितळी झाळेची. बीड वितळू न देता लाल करायचे आणि टाकणखार टाकून पितळी कांडीचा रस त्या खाचेत बसवायचा. दुसरी वाट बिडाच्याच कांडीने वेल्डिंग करण्याची. पण त्यासाठी पूर्ण भाग विटांच्या भट्टीत आधी लालसर होईपर्यंत तापवावा लागतो आणि काम झाल्यावर राखेत किंवा चुन्यात पुरून एक-दोन दिवस सावकाश निववावा लागतो. घाई केली की सांध्याच्या शेजारी नवा तडा. तिसरी वाट निकेलच्या कांडीची. एकेक इंच वेल्डिंग करायचे, हलक्या हातोडीने ठोकायचे, हात लावता येईल इतके गार होऊ द्यायचे, मग पुढचा इंच. चौथी वाट टाके घालण्याची. तड्याला आडवी भोके पाडून त्यांत धातूच्या पट्ट्या ठोकून बसवायच्या आणि तड्याच्या रेषेवर एकमेकांत अडकणारे आटेदार खिळे घालायचे, आगीशिवाय. आणि काहीच जमले नाही तर तुटलेले तुकडे जुळवून लाकडी नमुना बनवायचा, बीड निवताना सुमारे एक टक्का आकसते म्हणून नमुना तेवढा मोठा ठेवायचा, वाळूत साचा धरायचा आणि भाग नव्याने ओतायचा.

मित्रहो, एवढे सविस्तर सांगायचे कारण आहे. यातली कोणती पायरी अशी आहे, जी एखाद्या जातीच्या रक्तातच असते? खडू आणि रॉकेल? निकेलची कांडी? की एक टक्का आकसण्याचा हिशेब?

जातीचे समर्थक नेहमी एक युक्तिवाद करतात. म्हणे जातीमुळे कारागिरी टिकली, बापाकडून मुलाला कसब मिळत गेले, म्हणून जात वाईट असली तरी उपयोगाची होती. खानदेशच्या यंत्रांचा इतिहास हा युक्तिवाद मुळातून उखडून टाकतो. गावचा लोहार नांगराचा फाळ घडवत होता, ओतारी पितळेची भांडी आणि मूर्ती ओतत होता, सुतार गाडीचे चाक करत होता. वाफेच्या इंजिनाचा सिलिंडर त्यांच्यापैकी कोणाच्याही सात पिढ्यांनी पाहिलेला नव्हता. १८६० च्या दशकात पहिले इंजिन भुसावळला येऊन उभे राहिले, तेव्हा त्याच्यासमोर ब्राह्मण, पाटील, लोहार आणि महार सारखेच अडाणी होते. विद्या नवी होती आणि सगळ्यांना पहिल्यापासून शिकायची होती. पाटी सगळ्यांचीच कोरी होती.

मग काही दशकांत असे काय घडले, की एकाचा मिस्त्री झाला, फिटर झाला, चार्जमन झाला आणि दुसरा खलाशी, गँगमन आणि राख ओढणाराच राहिला? फरक वारशाचा नव्हता, प्रवेशाचा होता. उमेदवार म्हणून कोणाला घ्यायचे, हातात कानस कोणाच्या द्यायची, पाण्याच्या माठाला कोणी शिवायचे, डबा कोणाबरोबर खायचा, यावरून हे ठरले. कारण मिस्त्रीची विद्या पुस्तकात नव्हती. ती त्याच्या शेजारी बसून, त्याच्या हाताकडे बघून शिकायची होती. ज्याला शेजारी बसायलाच मनाई, तो शिकणार कसा?

हे आमचे अनुमान नाही. याची साक्ष बाबासाहेबांनी आपल्या खानदेशच्या उंबरठ्यावर, मनमाडला दिली आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद तिथे भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही मांडणी बाबासाहेबांनी याच परिषदेत केली, आणि ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, हेही स्पष्ट केले. हे सगळ्यांच्या लक्षात राहिले. पण त्याच भाषणातला दुसरा भाग आपण विसरलो. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. पोर्टरचे कामही त्याला मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्य त्याच्या घरात चालत नाही. रेल्वेच्या कारखान्यांत अस्पृश्य मेकॅनिक जवळजवळ दिसत नाही, मिस्त्री आणि फोरमन तर दूरच, तो हमालच राहतो. हे सगळे त्यांनी तिथे मांडले. भुसावळ हे याच जीआयपीचे मोठे ठाणे होते, हे लक्षात घ्या.

गिरण्यांत वेगळे काय होते? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला तो बाट वाटे. विणकामात पगार जास्त होता, हे वेगळे सांगायला नको. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा त्यांना तो अवघड वाटला. गंमत पाहा. गिरणीतली यंत्रे ज्या पट्ट्यांवर फिरायची ते पट्टे चामड्याचे. जिनमध्ये कापूस ज्या रुळावरून सरकायचा, त्या रुळावरच्या चकत्याही चामड्याच्या. नफ्याची गोष्ट आली की चामडे चालले, चामड्यातून निघालेला कापूस चालला. चालला नाही तो फक्त माणूस.

कसब नाकारल्याने काय होते, याचा सर्वांत जळजळीत दाखला तर आपल्या चाळीसगावात घडला. ऑक्टोबर १९२९ ची गोष्ट. अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब सदस्य होते. धुळ्याकडचे काम आटोपून परतताना चाळीसगावच्या बांधवांच्या आग्रहाखातर ते तिथे उतरले. स्टेशनावर टांगे होते, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तोड निघाली. टांगेवाल्याने टांगा भाड्याने दिला, पण लगाम धरायला नकार दिला. आपल्यातल्याच एकाने टांगा हाकला. त्याला ते काम येत नव्हते. नदीवरच्या फरशीवर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासकट खाली गेला. त्यांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

आपण ही घटना टांगेवाल्याच्या माजाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात आणखी एक धडा आहे. टांगा मिळाला होता. पैसेही दिले होते. नव्हते ते हाकण्याचे कसब. साधन हातात आले, पण ते चालवण्याची विद्या दुसऱ्याच्या मर्जीवर राहिली, तर तो सन्मान नव्हे, तो धोका आहे. बॅरिस्टरची पदवीसुद्धा त्या क्षणी उपयोगी पडली नाही. चाळीसगावचा टांगा आणि भुसावळचे इंजिन यांत मला फरक दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, ज्यांना संधीच नव्हती त्यांना एवढे अवघड काम एकदम कसे जमले असते? 'अवघड' आणि 'अशक्य' हे शब्द कोण वापरतो, ते नेहमी तपासावे. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरण्याच्या सुमारास तिच्या बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांवरच्या खलाशांनी आपल्याच इंजिनांचे बिडाचे सिलिंडर घण घालून फोडले. बीड एकदा फुटले की सांधत नाही, नवे सिलिंडर ओतायला खूप काळ जाईल, असा त्यांचा हिशेब होता. जाणकारांचेही मत फारसे वेगळे नव्हते. पण अमेरिकी नौदलाने विजेच्या वेल्डिंगने आणि पट्ट्या ठोकून ते सिलिंडर सांधले आणि वर्षाच्या आत तीच जहाजे सैन्य वाहू लागली. अशक्य म्हणून सांगितलेली गोष्ट बहुतेक वेळा कोणी करून पाहू दिलेली नसते, एवढेच.

बाबासाहेब भाषण करून थांबले नाहीत. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत पूर्व खानदेशातून त्या पक्षाचे दौलतराव जाधव निवडून आले. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्याच वर्षी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला निवेदन दिले. त्यात सरकारी नोकऱ्यांतील आरक्षणाबरोबरच तांत्रिक शिक्षणाची मागणी होती. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने इथे अस्पृश्य मुलांना उमेदवार म्हणून घ्या, असे त्यांनी मागितले. १९४३ मध्ये नोकऱ्यांत ८.३३ टक्के आरक्षण मिळाले. मनमाडला ज्या कारखान्यांच्या दाराकडे बोट दाखवले, तेच दार चार वर्षांनी उघडायला लावण्याचा हा प्रयत्न होता. आपण मात्र त्यांची कोट-टाय आणि पुस्तक हातात घेतलेली प्रतिमा डोक्यावर घेतली आणि कारखान्याचे दार विसरलो.

आजचे काय? २०२३ च्या १७ सप्टेंबरला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. १८ पारंपरिक व्यवसाय, आणि कुटुंबात चालत आलेले कसब व गुरू-शिष्य परंपरा बळकट करणे हे तिचे जाहीर उद्दिष्ट. त्यातून एखाद्या लोहाराला, चांभाराला, कुंभाराला कर्ज मिळत असेल तर मिळो. तेही कष्टकरीच आहेत आणि आमचे भांडण त्यांच्याशी नाही. लोहाराची भट्टी ही काही सत्तेची खुर्ची नव्हती, त्यालाही गावगाड्यात बलुत्यावरच राबावे लागले. आमचा प्रश्न योजनेमागच्या विचाराला आहे. लोहाराच्या मुलाने लोहारच का व्हावे? आणि ज्याच्या बापाला भट्टीजवळ फिरकू दिले नाही, त्याने कोणत्या कुटुंबाचा वारसा दाखवावा? कसब कुटुंबात शोधायचे ठरवले, की ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवले ते पुन्हा बाहेरच राहतात.

म्हणून तरुणांना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, आयटीआयला 'नापासांची शाळा' समजणे सोडा. फिटर, वेल्डर, मशिनिस्ट, मोल्डर हे ट्रेड म्हणजे आपल्या आजोबांना नाकारलेली विद्या आहे. जुनी लेथ, जुनी प्रेस, जुने ऑइल इंजिन अजून वापरात आहे, त्याचा सुटा भाग कंपनीकडे मिळत नाही, आणि तडकलेले बीड सांधणाऱ्याला मागेल ते दाम मिळते. दुसरी, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या मोठ्या आस्थापनांत त्या जागा भरतात का, कोणत्या ट्रेडमध्ये भरतात, याची माहिती मागवा. हेल्परच्या कामाला जुंपून कागदावर फिटर दाखवत असतील तर तेही उघड करा. तिसरी, आपल्या विहारांत स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका असते, ती असावीच. पण तिच्या शेजारी महिन्यातून एक रविवार निवृत्त रेल्वे कामगाराला बोलवा आणि त्याच्या हातातले आपल्या मुलामुलींच्या हातात येऊ द्या. हो, मुलींच्याही. अनेक कुलपे लावून विद्या कोंडून ठेवायला आपण काही मनूचे वारस नाही.

शेवटी पुन्हा बिडाकडे येतो. नवशिका किंवा लबाड माणूस तडकलेल्या भागावर पुट्टी फासतो, वरून रंग मारतो आणि यंत्र विकून मोकळा होतो. दिसायला ते अखंड असते, पण पहिल्या ताणाला फुटते. समरसतेचे कार्यक्रम, एका दिवसाचे सहभोजन, जयंतीच्या बॅनरवरचे हसरे फोटो ही असलीच पुट्टी आहे. तडा होता हे कबूलच करायचे नाही, म्हणजे तो सांधायची जबाबदारीही नाही! चांगला मिस्त्री आधी तडा शोधतो, तो कुठवर गेला ते सगळ्यांना दिसेल असे करतो, तळापर्यंत मोकळा करतो आणि मगच सांधायला घेतो. बाबासाहेबांनी मनमाडला तेच केले होते. कोणत्या खात्यात, कोणत्या हुद्द्यापाशी आपली वाट अडवली आहे, ते एकेक करून दाखवले होते.

खानदेशचा औद्योगिक इतिहास आता आपण लिहायचा आहे. त्यात गिरणीच्या मालकाचे नाव असू द्या. पण भुसावळच्या शेडमध्ये राख ओढणाऱ्या आजोबांनाही विचारून ठेवा, की इंजिनाचा तडा सांधताना त्यांना किती अंतरावर उभे राहावे लागत होते. ते अंतर हाच आपला इतिहास आहे, आणि ते मिटवणे हेच आपले काम.

जय भीम!